कमलचं फळांचं ताट

१९ एप्रिल, रविवार
सौ.च्या हाताला प्लास्टर घालून दहा दिवस झाले. उजवं मनगट. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून घाईनं हौदाकडं गेली नि घसरली. अजून महिनाभर प्लास्टर राहणार.

स्वयंपाक माझ्याकडं. आज पिठलं. गुठळ्या. बत्तीस वर्षं लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टरकी केली, घरी आलो की पाट मांडलेला, ताट वाढलेलं. आता कळून राहिलं.

सौ. डाव्या हातानं चमच्यानं खाते. भात सांडतो. शेजारच्या काकू डोकावल्या तसं ताट सरकवून पदरानं झाकलं. "जेवण झालं माझं," म्हणाली. झालं नव्हतं.

२३ एप्रिल, गुरुवार
थोरल्या मेव्हणीचा, देगलूरच्या आक्काचा फोन. १० मेला यायचं ना, विचारत होत्या. सासूबाई गेल्यापासून दर मे महिन्यात तिघी बहिणी आमच्याच गच्चीवर जमतात. आक्का, मधली ही, आणि धाकटी सुनीता, नांदेडची. तेच त्यांचं माहेर.

सौ. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "येऊ द्या. जेवण बाहेरून सांगा, आमरस-पुरी. फळांचं ताट मी करणार न्हाई."

म्हटलं, "अगं, हात मोडलेला. तुला कोण करायला सांगतंय?"

"हाताचं न्हाई ते."

मग कशाचं? उठून आत गेली.

२४ एप्रिल, शुक्रवार
गच्चीवर जाऊन आक्कांना फोन केला. विचारलं, ताटाचं काय झालंय हिला?

 त्या म्हणाल्या, "दत्ताराव, इचारलं म्हणून सांगते. मागल्या साली काय बोल्लात ते याद हाय का?"

नव्हतं. त्यांनी सांगितलं.

मागच्या वर्षी सौ.नं दोन तास उभं राहून ताट लावलं होतं. मोठी परात, परातीत बर्फ, बर्फावर पितळी ताट. मधी वाटीत आंब्याचा चक्का, भोवती कलिंगड, खरबूज, आंबा, चिकू, केळी, गोल गोल. हे तिचं स्वतःचं, कुणी शिकवलेलं नाही. सगळे एकाच ताटाभोवती बसून खायचे. ते गच्चीवर आणलं तसा मी म्हणालो, "हे काय! दवाखान्यात पेशंटला भेटाय आल्यावानी फळं मांडली!"

सगळे हसले. सुनीताचे मालक अशोकराव मांडीवर थाप मारून हसले. सौ. पण हसली.

"हसली, पण एक फोड तोंडात घातली न्हाई तिनं," आक्का म्हणाल्या. "तवापासून ताट केलं का तिनं? बगा आठवून."

आठवून बघितलं. गणपतीत नाही. दिवाळीला पोरगी आली तेव्हा नाही. संक्रांतीला बायका आल्या, तेव्हा नुसते तिळगूळ. वर्ष झालं, माझ्या लक्षातही नाही.

गाडीत लोक हसले की गर्दी आपोआप मागं सरकते. तीच सवय. तोंड चालू ठेवायचं. घरी पण तेच चालू ठेवलं आणि

असो.

२६ एप्रिल, रविवार
ठरवलं. ताट मी करणार. तिला सांगितलं नाही.

स. गंजगोलाईत बशीरभाईकडं. फळवाले, जुनी ओळख, त्यांचा माल कितीदा माझ्या गाडीच्या टपावरून गेला. मी कलिंगडावर टिचक्या मारून राहिलो, तर ते हसले. "कंडक्टर साब, बजा के क्या सुनते? पेट देखो पेट." जमिनीला टेकलेला भाग पिवळाधम्मक पाहिजे, पांढरा नको. खरबूज देठापाशी हुंगायचं. वास नाही तर गोडी नाही.

दु. घरी येऊन कापलं. कलिंगडाचे ठोकळे. सगळं एकाच ताटात. पंधरा मिनिटांत ताटात पाणी, पाण्यात केळी, केळी काळी. चिकूचा लगदा.

सौ. पाणी प्यायला आली. बघितलं. "भाजी टाकायची हाय का?" एवढंच. गेली.

मी ते सगळं वाडग्यात घालून खाल्लं. चव चांगली होती, दिसायला वाईट.

३० एप्रिल, गुरुवार
दुसरा प्रयत्न. आज तिच्या समोरच बसलो, स्वयंपाकघरात. तिनं पाट फिरवून भिंतीकडं तोंड केलं. तांदूळ निवडून राहिली एका हातानं. तांदूळ निवडलेलेच होते.

मी कापून राहिलो. आंब्याच्या दोन फाका, कोय बाजूला, एवढं मला येतं. फाकांना उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि साल मागून ढकलली, तसे चौकोन वर आले. मला फार आनंद झाला. तिला दाखवावं वाटलं. नाही दाखवलं.

मग केळीच्या चकत्या करून कलिंगडाशेजारी लावायला लागलो.

"केळं तिथं नको."

वळून बघितलंसुद्धा नाही तिनं. सुरीच्या आवाजावरून कळलं असणार, काय माहीत.

"मग कुठं?"

"सगळ्यात शेवटी कापायचं. लिंबू लावायचं. कलिंगड आधी फडक्यावर टाकायचं, पाणी निथळू द्यायचं." मग, "कामून करून राहिलात हे?"

म्हटलं, "आक्का नि सुनीता येणार. त्यांना आवडतं."

"आणि तुमाला?"

मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. तोंड इतर वेळी किती चालतं.

३ मे, रविवार
अंगठा कापला. अननस. काटेरी सालीवर सुरी घसरली. रक्त बघून सौ. लगबगीनं आली. पट्टीचं एक टोक तिच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या उजव्या हातात, गाठ काही बसेना. तिनं टोक दातात धरलं. मला हसू आलं. मग तिलाही. बऱ्याच दिवसांनी दोघं मिळून हसलो, आणि हसवलेलं नव्हतं कुणी.

अननस रद्द. "त्यो बाहेरून कापून आणा," सौ. म्हणाली. म्हणजे आता ताट होणार हे तिनं धरून चाललंय.

६ मे, बुधवार
चक्का शिकलो. घट्ट दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायचं, सकाळी चक्का. त्यात पिठीसाखर कमी, वेलची, केशर आंब्याचा रस. मी रस जास्त घातला, पातळ झालं. "आमटी झाली," सौ. म्हणाली. परत टांगलं.

आजची खरी गोष्ट वेगळी. चव बघायला फोडी कापून ठेवल्या होत्या. हात चिकट होऊ नयेत म्हणून मी टूथपिक टोचून खात होतो. सौ. म्हणाली, "दात कोरायच्या काड्या फळाला?" पण एक उचलली. डाव्या हातानं. खरबुजाची फोड टोचली, चक्क्यात बुडवली, तोंडात. काही सांडलं नाही. दुसरी घेतली. तिसरी. तेवढ्यात काकू आल्या दारात आणि ही खातच राहिली. ताट झाकलं नाही. काकूंनाही एक काडी दिली.

मी बघतच राहिलो. महिन्यात पहिल्यांदा माणसांसमोर खाल्लं तिनं.

आमरस-पुरी रद्द. पुरी एका हातानं, तीही डाव्या, तोडायची कशी, हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या आलं होतं. म्हणूनच यंदा नको म्हणत होती जमणं, निम्मं तरी म्हणूनच. भाकरी नाही, पुरी नाही. यंदा सगळे काडीनं खाणार. दहा तारखेला सोबत इडल्या, छोट्या. त्याही काडीनं.

९ मे, शनिवार
आक्का आज दुपारीच आल्या, देगलूरहून, ओल्या गोणपाटात ताडगोळे घेऊन. त्या त्यांना मुंजलू म्हणतात, तिकडं तेलुगू चालतं. सोबत त्यांचे मालक नाहीत, गुडघा धरलाय म्हणे.

दोघी बहिणी ताडगोळे सोलत बसल्या. म्हणजे आक्का सोलून राहिल्या नि सौ. डाव्या हातानं सालं गोळा करून राहिली. मी चहा केला. आक्का चहा पिऊन म्हणाल्या, "कमळे, नवरा लई सुधारला की गं."

सौ.: "बघू उद्या."

११ मे, सोमवार
काल झालं. लिहायला आज सकाळी बसलो.

पहाटे बर्फाची लादी आणली, भुशात नि गोणपाटात गुंडाळून. दु. तीनला कापायला बसलो. सौ. शेजारी पाटावर, आता तोंड माझ्याकडं. "पातळ." "एवढं नको." "ते सालीकडचं पांढरं काढा." "घाम पुसा आधी." गाडीवर असताना इन्स्पेक्टर चढला की व्हायचं तसं झालं मला. साडेचारला लाईट गेली. फॅन बंद, बर्फ पाणी व्हायला लागला. आक्कांनी ओलं गोणपाट अजून एक टाकलं.

साडेपाचला गच्चीवर. सावली आली होती. सुनीता आणि अशोकराव आलेले. परात वर न्यायला दोघं लागलो, मी आणि अशोकराव. मधी आंब्याचा चक्का. त्याभोवती आंबा, मग खरबूज, मग ताडगोळे काचेवानी, मग कलिंगड, कडेला डाळिंबाचे दाणे. केळी सगळ्यात शेवटी, लिंबू लावून. सौ.नं जागेवर बसून दोन फोडी डाव्या हातानं इकडच्या तिकडं केल्या. बाकी माझं होतं.

अशोकरावांनी खाली ठेवता ठेवता म्हटलंच, "काय दत्ताराव, यंदा पेशंट कोण हाय?" आणि प्लास्टरकडं बघून, "हां, हाय की!"

सुनीता हसली. मग हसायची थांबली. आक्का माझ्याकडं बघून राहिल्या.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. अशा वेळी असतंच. अशोकराव पण हसले असते, सगळेच हसले असते, नि ते सगळं निघून गेलं असतं. ते उत्तर गिळलं. म्हटलं, "अशोकराव, मागल्या साली ते मी बोललो होतो. चुकलं होतं माझं. दोन तास उभं राहून केलेल्या कामाला बोललो. आता मी स्वतः दोन आठवडे केलं, तवा कळलं."

 

 अशोकराव टोपी काढून परत घालून राहिले.

सौ. म्हणाली, "खा की आता. बर्फ इतळून राहिला."

आणि पहिली काडी तिनंच उचलली.

सगळं संपलं. ताडगोळे सगळ्यात आधी. अशोकरावांनी कलिंगडाच्या कडेचं गोड पाणीसुद्धा चमच्यानं प्यायलं. तिघी बहिणी परातीच्या एका बाजूला गुडघे लावून बसल्या होत्या. कुणाची काडी कुणाच्या हातात, ते त्यांचं त्यांनाच कळेना. आक्का आंब्याची कोय चोखून राहिल्या, साठीच्या पुढची बाई. अंधार पडला तरी कुणी खाली जायला तयार नव्हतं.

  आज सकाळी चहा घेताना सौ. म्हणाली, "डाळिंब जास्त झालं होतं."

म्हटलं, "पुढच्या वेळी कमी."

२१ मे, गुरुवार
प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, कातडी पांढरी, सुकलेली. मूठ वळत नाही पूर्ण. डॉ. म्हणाले व्यायाम करा, कोमट पाण्यात हात घालून रबरी चेंडू दाबा. किती दिवसांत? "बघू," म्हणाले. सगळे बघूच म्हणून राहिलेत.

घरी येऊन तिनं पेला उचलून बघितला. उचलला. पाणी थरथरलं. पण उजव्या हातानं प्याली.

२८ मे, गुरुवार
सुनीताचा फोन, स्पीकरवर. धोंड्याचा महिना चालू. तिच्या पोरीचं लग्न फेब्रुवारीत झालं, तर जावयाला धोंडे जेवायला बोलावलंय, ७ जूनला, नांदेडला. व्याही-विहीण पण येणार. पंधरा माणसं. "दाजी, धोंडे मी करते, पुरणाचे. पण तुमचं ताट पायजे. सगळ्यांना सांगून ठेवलंय, दाजींचं ताट येणार म्हणून."

दाजींचं ताट.

मी म्हणालो, येतो की. फुगलो थोडा, खोटं कशाला लिहू. फोन ठेवल्यावर बघितलं तर सौ. चेंडू दाबायची थांबलेली.

३० मे, शनिवार
सौ. दोन दिवस कमी बोलून राहिली. भाकरी थापायला बसली, पीठ कडेनं फाटलं, उठली. मी थापली. माझी पण फाटली. दोघांनी फाटकी भाकरी खाल्ली.

लक्षात आलंय मला. मागच्या साली मी तिचं ताट हसण्यावारी नेलं. यंदा ते स्वतःच्या नावावर केलं. दुसरं पहिल्यापेक्षा बरं असलं, तरी बरं नाही.

२ जून, मंगळवार
सुनीताला फोन केला, सौ. शेजारी असताना, मुद्दाम. म्हटलं, ताट तुझ्या बहिणीचं हाय. मी कापलं ते तिच्या सांगण्यावरून. नांदेडला सगळ्यांना तसंच सांग.

सुनीता: "बरं बरं, कळलं दाजी." हसत होती.

सौ. नंतर म्हणाली, "असं फोनवरून सांगून होतं का?"

"मग कसं होतं?"

"ते मला बी म्हाईत न्हाई."

थोड्या वेळानं, चेंडू दाबत, "जांभळं आली असतील आता. जांभळं ठेवा यंदा. चक्क्यात रंग उतरतो पण, लांब ठेवा." मग, "ठेवा म्हणजे ठेवू."

ठेवू. हे नोंदवून ठेवतो.

६ जून, शनिवार
स. साडेआठची लातूर-नांदेड. कंडक्टर नवा, ओळखत नाही मला. बरं वाटलं आणि वाईटही. परात गोणपाटात बांधून सीटखाली. चक्क्याचा डबा सौ.च्या मांडीवर. गाडी गचके देऊन राहिली. प्रत्येक गचक्याला तिनं डबा दोन्ही हातांनी वर धरला. दोन्ही.

अर्धापूरची केळी सुनीतानं आणवून ठेवलीत. आंबे, कलिंगड नांदेडात घेतलं. पिवळं पोट बघून. सौ.नं टिचकी पण मारली, सवय.

७ जून, रविवार
नांदेड. सुनीताकडं. दु. तीन.

सकाळपासून धोंडे. घरभर तुपाचा नि पुरणाचा वास. जावईबापू लाजून राहिलेत, त्यांना सगळे खायला लावून राहिलेत. अशोकराव दर पाहुण्याला सांगतात, ताट मागून येतंय. दाजींचं म्हणतात, मग थांबतात, मग "म्हणजे कमलताईचं". माणूस प्रयत्न करून राहिला.

अडीचला मी सुरी घेऊन स्वयंपाकघरात बसलो. सौ. आली. म्हणाली, "व्हा बाहेर."

"अगं, मूठ वळत न्हाई अजून तुझी."

"जेवढी वळती तेवढी वळती. व्हा."

सुनीतालाही बाहेर काढलं. दार लोटून घेतलं.

बाहेरच्या खोलीत बसलोय. मांडीवर ही वही. आतून सुरीचा आवाज येऊन राहिला. टक. मग थांबतो. बराच वेळ. मग टक. मला त्या वेळी एका खरबुजाला दहा मिनिटं लागायची. तिचं एकच चालू आहे, पंचवीस मिनिटं झाली.

विहीणबाई विचारून गेल्या, काही मदत पाहिजे का आत? मी नाही म्हणालो. बरोबर केलं का चूक?

सुनीता दाराकडं बघते, मग माझ्याकडं. "दाजी, जा की आत."

आवाज थांबलाय. आधीच्यापेक्षा जास्त वेळ. काहीतरी खाली पडलं, सुरी नसावी, हलका आवाज होता. फोड असेल. जमिनीवरची फोड उचलायला वाकली असेल.

उठलो होतो. परत बसलो.

हाक मारली तर जाईन.